दम आधी परततो, शीर मागून येते

पावसाळा सरला की नवी मुंबईतल्या पहाटेचे दृश्य बदलते. पाम बीच रस्त्यावर, नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत, खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झालेली असते आणि पाच-दहा किलोमीटरच्या गटांत पन्नाशी-साठीतली मंडळीही हौसेने उतरतात. याच हंगामात दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘‘पोटरी बरी झाली होती डॉक्टर, शर्यतीच्या दिवशी पुन्हा गेली.’’

या तक्रारीमागची गोष्ट बहुधा सारखीच असते. पोटरीचा स्नायू किंवा टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस कंडरा, दुखावते. महिना-दीड महिना विश्रांती होते. चालताना दुखायचे थांबते. मग ‘अर्धमॅरेथॉन नको, निदान पाच किलोमीटर तरी धावू’ असा सावध वाटणारा मार्ग निवडला जातो. दोन-तीन आठवड्यांत दम झपाट्याने सुधारतो आणि जुनी वेळ गाठण्याचा मोह होतो. चूक होते ती इथेच, कारण दम आणि कंडरा एकाच गतीने सावरत नाहीत.

1966 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चांगलीच घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी घट केली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांची घट मोठी ठरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वयामुळे झालेली घट सहा महिन्यांच्या सरावाने भरून निघाली. पन्नाशीतला दमही सरावाला चांगली दाद देतो.

कंडरेचे तसे नाही. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला आणि अन्नावाटे माणसांच्या शरीरात गेला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हीच खूण वापरून अकिलीस कंडरेतल्या उतींचे वय काढले. 2013 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे पंचावन्न वर्षांचा माणूस शाळा-कॉलेजच्या वयात वळलेल्या दोरावरच आजही धावत असतो.

या दोरावर धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येऊ शकतो. वेग वाढला किंवा चढ लागला की पोटरीचे काम आणखी वाढते. म्हणूनच छोटी शर्यत वाटते तेवढी सौम्य नसते. अंतर कमी असल्याने माणूस जोर लावतो. दुखापतीतून उठलेल्याने म्हणूनच आधी अंतर वाढवावे, वेग सर्वांत शेवटी. पारसिक टेकडीचा चढ तर सपाटीवर महिनाभर सलग धावून झाल्याशिवाय घेऊ नये.

मग नुसती विश्रांती घ्यावी का? तीही पुरत नाही. स्वीडनमधले अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 साली अकिलीस कंडरा जुनाट दुखणाऱ्या 15 हौशी धावपटूंना बारा आठवडे एकच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा. ते सगळे पूर्वीइतके धावू लागले. कंडरेला मोजका, नियमित भार लागतो, हा धडा त्यातून मिळाला. मात्र ताजी दुखापत, फाटलेला स्नायू किंवा टाचेच्या हाडाशीच होणारे दुखणे असेल, तर हा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावा.

धावायला परतण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी पाहाव्यात. अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही ना? भिंतीला हात टेकवून, दुखऱ्या पायाच्या एकट्या चवड्यावर, चांगल्या पायाइतक्याच वेळा उठता येते का? दोन्ही जमले तर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असे दिवसाआड सुरू करावे. शर्यतीआधी शर्यतीएवढे अंतर आरामात, सकाळचा आखडलेपणा न वाढता, काही वेळा धावून झालेले असावे.

औषधांबाबतही जपायला हवे. लघवीचा संसर्ग किंवा जुलाबासाठी अनेकदा परस्पर घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके कंडरा कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 साली त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असल्यास धोका वाढतो. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीत उतरणे तर दुहेरी तोट्याचे : धोक्याची सूचना दबते आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो.

काही लक्षणे थांबू देत नाहीत. मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर कंडरा तुटलेली असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळू नये, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. धावताना छातीत दडपण किंवा चक्कर आली तर शर्यत तिथेच सोडावी.

पन्नाशीपुढच्या अनेकांसाठी धावणे हाच साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा, रोज घराबाहेर पडण्याचा आधार असतो. तीच पोटरी पुन्हा गेली की पदकापेक्षा मोठे नुकसान होते : माणूस धावणेच सोडतो, मग चालणेही कमी होते. या जानेवारीची शर्यत हुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. तोवर आठवड्यातून दोन-तीनदा, टप्प्याटप्प्याने वाढवत, पायरीवर टाचा उचलत राहणे, हाही शर्यतीचाच सराव आहे.