किडे परत येतील हो, पण कोणते?

परवा वजिराबादला चहा पिताना ओळखीच्या एका कंत्राटदाराने मला सुनावलं, "साहेब, वाढवणच्या समुद्रातल्या किड्यांसाठी कामून रडता? तळ उकरला तरी महिन्याभरात परत येतात ते."

हे अर्धं खरं आहे. म्हणून तर जास्त धोक्याचं.

उथळ समुद्रात ताजा गाळ पडला की तो फार दिवस रिकामा राहत नाही. आधी जिवाणू आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा चिकट थर बसतो. कडेच्या गाळातून सूतकृमी सरकत येतात, काही जीव लाटांबरोबर वाहत येतात, पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या खाली उतरतात. काही आठवड्यांत कॅपिटेलासारखे बारके किडे हजारोंनी दिसतात. शास्त्रज्ञ यांना चक्क 'संधीसाधू' म्हणतात. आयुष्य कमी, पिल्लं भरमसाठ, घाण चालते, प्राणवायू कमी असला तरी चालतं. (कुणाची आठवण आली तर दोष माझा नाही.)

आता मोजणी केली तर डोकी भरपूर, जाती मोजक्याच. खोल बिळं करून गाळात प्राणवायू पोहोचवणारे मोठे किडे, शिंपले यांना यायला वर्षं लागतात. सेंद्रिय घाणीखाली गेलेल्या तळाबद्दल पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी हा क्रम १९७८ सालीच मांडून ठेवलाय. चिखलाचा तळ त्यातल्या त्यात लवकर सावरतो, वाळूचा आणि खड्यांचा फार उशिरा. आणि वाळू नेऊन मागे नुसता चिखल उरला तर जुनं बिऱ्हाड परत येतच नाही. कोळंबी, खेकडे यांचं खाणं तिथं असतं, अन् त्यांच्या जिवावर डहाणूच्या मच्छीमाराची चूल.

वाढवणचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. ७६ हजार कोटींच्या वर खर्च. १,४४८ हेक्टर समुद्र भरायचा, त्यासाठी वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची. म्हणजे एक तळ पुरायचा, दुसरा उकरायचा. पुरलेल्या जागी किडे परत येतील कुठं? तिथं समुद्रच राहणार नाही! आणि जहाजांच्या वाटेतला गाळ पुन्हा पुन्हा काढला, तर तिथं कायम संधीसाधूच.

आपल्याला काय त्याचं, समुद्र पाचशे किलोमीटर लांब, असं म्हणू नका. गोदावरीत आपण हेच ऐकतो : "पावसाळ्यात येते की वाळू परत." वर धरण, खाली तराफे आणि सक्शन पंप, येणार कुठून? पथक येतं, तराफे जाळतं, आम्ही फोटो छापतो, आठ दिवसांत नवे तराफे. मी स्वतः अशा डझनभर बातम्या केल्यात. त्या वाळूत शिंपले, चतुरांच्या अळ्या जगतात, ही ओळ एकाही बातमीत लिहिली नाही.

बंदर नकोच, असं मी म्हणत नाही. "परत येतील" म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं : उकरण्याआधी तिथं कोणत्या जाती होत्या, त्यातल्या किती कोणत्या वर्षापर्यंत परत येतील, आणि नाही आल्या तर मच्छीमाराला भरपाई कोण देणार. मराठीत छापा आणि डहाणूच्या बंदरावर चिकटवा.