गप्पांसाठी एवढे बिऱ्हाड कशाला?

१९९५ साली आलेली विंडोज ९५ ही संपूर्ण प्रणाली ४ एमबी मेमरीच्या संगणकावर चालू शकत असे. आज संगणकावर निरोपांची देवघेव करणारा एकटा प्रोग्राम शेकडो एमबी जागा अडवून बसतो. चित्रे आली, आवाज आला, हे खरे; पण पुष्कळदा काम काय, तर ‘उद्या तास आहे का?’ एवढेच विचारायचे! याला प्रगती म्हणावे की उधळपट्टी?

कारण समजून घेण्यासारखे आहे. स्लॅक, डिस्कॉर्ड यांसारखे प्रोग्राम ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या साच्यावर उभे आहेत. गिटहब कंपनीत २०१३ साली तो जन्मला. या साच्यातला प्रत्येक प्रोग्राम क्रोमियम हा अख्खा ब्राउझर पोटात घेऊन येतो. तीन प्रोग्राम उघडले की तीन ब्राउझर चालू! गप्पा मारायला आलेल्या शेजाऱ्याने पाठीवर बिऱ्हाड बांधून यावे, तसाच हा प्रकार. उलट टेलिग्रामचा संगणकावरील प्रोग्राम सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे. साध्या गप्पांसाठी त्याला ब्राउझर बाळगावा लागत नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. एकदा लिहिलेला प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. श्रम व पैसा वाचतो. मान्य! पण त्यांचा वाचलेला खर्च आपल्या यंत्रावर येऊन पडतो. १६ जीबी मेमरी असणाऱ्याला तो जाणवत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी माझी पहिलीच पिढी. घरचा संगणक जुना घेतलेला, ४ जीबीचा. निरोपांचा प्रोग्राम उघडा ठेवून निबंध लिहायला बसावे, तर अक्षरे रेंगाळत उमटतात. दुकानदार म्हणतो, ‘नवा घ्या.’ धडधाकट यंत्र दुसऱ्याच्या सोयीसाठी भंगारात का घालावे?

हे अटळ मुळीच नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्सची नवी आवृत्ती इलेक्ट्रॉन सोडून, विंडोजमधल्याच ब्राउझरच्या आधाराने बांधली. मेमरी निम्म्यापर्यंत वाचेल, असा कंपनीचा दावा होता. मनावर घेतले तर काटकसर जमते, हाच याचा अर्थ.

मित्रहो, आपण कलाशाखेचे म्हणून हा प्रश्न विज्ञानशाखेवर सोडून चालणार नाही. उद्या आपल्यापैकी कोणी शाळेत, कोणी कचेरीत असे प्रोग्राम निवडायला बसेल. त्याने तिथल्या सर्वांत जुन्या संगणकावर ते आधी चालवून पाहावेत आणि मगच पसंती द्यावी.