पोवळ्याचा लाल रंग आणि आपले रक्त

"डॉक्टर, रक्त वाढावं म्हणून पोवळं घातलंय, पण थकवा काही जाईना."

मांजरीतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी अधूनमधून ऐकतो. अनामिकेत अंगठी असते, मंगळवारी पूजा करून घातलेली. खडा लालबुंद असतो आणि नखे मात्र पांढरी पडलेली असतात. म्हणून आज या पोवळ्याविषयी थोडे बोलू.

पोवळे म्हणजे नेमके काय?

नवरत्नांत गणना होत असली तरी पोवळे हा दगड नाही. समुद्रात वसाहत करून राहणाऱ्या बारीक प्राण्यांनी बनवलेला तो सांगाडा आहे. फांद्यांसारखा आकार असल्याने लोक त्याला शतकानुशतके वनस्पती समजत. १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने हा प्राणी आहे असे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पोवळे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपला आणि अंड्याचे कवच याच पदार्थाचे असते. त्याचा लाल रंग कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्याचा असतो. गाजराचा रंगही त्याच वर्गातला. आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिनमुळे, आणि हिमोग्लोबिनला लागते लोह. दोन्ही लाल असले तरी दोघांच्या लालीचा एकमेकांशी संबंध नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जगभर एकच समजूत

दागिन्यातले लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. आपल्याकडे ते फार पूर्वीपासून येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रवाळाचा उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की रोमन बायकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानातल्या पुरुषांना पोवळ्याचे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी गोव्याला पोवळे पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. त्या व्यवहारात गोव्यातले हिंदू व्यापारी त्यांचे भागीदार होते.

पोवळ्याबरोबर त्याच्या कथाही फिरल्या. ग्रीक कथेत मेड्युसा राक्षसिणीचे कापलेले डोके समुद्रकाठच्या वनस्पतींवर ठेवले आणि त्या कडक होऊन त्यांचे पोवळे झाले. इटलीत बाळांना नजर लागू नये म्हणून गळ्यात पोवळे घालत. तिथल्या जुन्या चित्रांत बाळ येशूच्या गळ्यातही ते दिसते. इंग्लंडमध्ये दात येणाऱ्या बाळाला चावायला पोवळ्याचे खेळणे देत. तिबेटी स्त्रिया ते पिरोजाबरोबर ओवतात. आफ्रिकेतल्या बेनिनच्या राजाचा पोशाखच पोवळ्याच्या मण्यांचा. आणि आपल्याकडे पोवळे म्हणजे मंगळाचे रत्न.

इतक्या दूरदूरच्या लोकांना एकाच गोष्टीत जीव का दिसला असेल? मला वाटते, रंगामुळे. लाल म्हणजे रक्त आणि रक्त म्हणजे जीव. जो पदार्थ रक्तासारखा दिसतो तो रक्त राखेल, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. बैलांचे ठीक आहे. बोटातल्या खड्याशेजारून वाहणाऱ्या रक्ताला मात्र वाणही लागत नाही आणि गुणही.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक ताई आल्या होत्या. धाप लागायची, पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यांचे पोवळे बघून मी हसलो आणि सासूबाईंसमोरच म्हणालो, "याच्याऐवजी गोळ्या घेतल्या असत्या तर स्वस्तात पडलं असतं." त्या काही बोलल्या नाहीत. लिहून दिलेली तपासणीही त्यांनी केली नाही.

सात-आठ महिन्यांनी नवऱ्याने त्यांना आधार देत आणले. हिमोग्लोबिन ५.८ होते. पाळीत खूप रक्तस्राव व्हायचा, कारण गर्भाशयात गाठ होती. रक्त चढवावे लागले, पुढे शस्त्रक्रिया झाली. आज त्या ठणठणीत आहेत. पण ते सात-आठ महिने अंगठीमुळे गेले की माझ्या हसण्यामुळे, हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारतो. अंगठी ही त्यांच्या घराने त्यांच्यासाठी केलेली काळजी होती. मी तिचीच टर उडवली होती.

तेव्हापासून मी कुणाला अंगठी काढायला सांगत नाही. "हे कधी घातलं? त्याआधी काय त्रास होत होता?" एवढेच विचारतो. आजाराची खरी सुरुवात कधी झाली ते बहुतेकदा तिथेच कळते.

पोटात घेतलेले पोवळे

प्रवाळ पिष्टी आणि प्रवाळ भस्म ही आयुर्वेदातली जुनी औषधे. ती शीत आणि पित्तशामक मानली जातात. कॅल्शियम कार्बोनेट आम्ल शमवते हे आधुनिक औषधशास्त्रही मान्य करते. ॲसिडिटीच्या कित्येक गोळ्यांत तेच असते. तेव्हा जळजळ थांबल्याचा अनुभव खोटा नाही.

पण तीन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली: यातून रक्त वाढत नाही. उलट कॅल्शियम लोहाचे शोषण कमी करते. लोहाची गोळी आणि प्रवाळ पिष्टी एकाच वेळी घेतली, तर ज्या रक्तासाठी हा खटाटोप त्याचेच नुकसान. थायरॉईडच्या गोळीचेही तसेच. ती आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे.

दुसरी: कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम साधारण ४० टक्के. दिवसाला अर्धा ग्रॅम पिष्टी घेतली तर मिळणार जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक पेला दुधाएवढे. हाडांसाठी एवढ्यावर विसंबू नका.

तिसरी: मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वारंवार मूतखडे होत असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि तुमच्या डॉक्टरांना व वैद्यांना दोघांनाही सांगा की तुम्ही काय काय घेता.

अंगठीतल्या पोवळ्याचे म्हणाल, तर कॅल्शियम कार्बोनेट अखंड त्वचेतून आत जात नाही. खडा खालून उघडा ठेवला म्हणून काही फरक पडत नाही.

मग माझे मत काय?

पोवळे सुंदर आहे. आजीची माळ असेल तर जपा, मिरवा. श्रद्धा असेल तर अंगठीही घाला. पण अंगठी घालताना मनात जी तक्रार होती, तिची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. माझा आक्षेप श्रद्धेला नाही, "आधी सहा महिने बघू" म्हणत थांबण्याला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही घरोघरची गोष्ट आहे. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ च्या, गरोदरपणी ११ च्या आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल, तर फक्त गोळ्या घेऊन थांबू नका, कारण शोधा. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का? मूळव्याध आहे का? शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे का? (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून डॉक्टरांना दाखवून खात्री करा.) पुरुषांत किंवा वयस्कर माणसांत रक्त कमी झाले, तर पोटाच्या आतून रक्तस्राव होत नाही ना, हे बघावेच लागते. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नका, आणि हिमोग्लोबिन भरून आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवा.

आज घरातल्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघा. तो फिका असेल, तर सराफाकडे जाण्याआधी प्रयोगशाळेत जा.