सातव्या तारखेचा चेक

पेढी कोणतीही असो. गाव इचलकरंजीसारखे, धंदा कापडाचा, आणि मागच्या खोलीत हिशेब लिहीत बसलेला तिशीतला एक तरुण. महिन्याच्या सात तारखेला शेठजी त्याला बोलावतात, पाकीट पुढे सरकवतात आणि नजर न उचलता सांगतात, "चेक आहे. चार-पाच दिवस थांबून बँकेत टाक. अहमदाबादच्या पार्टीचे पैसे यायचे आहेत."

तरुण मान हलवतो आणि आपल्या जागेवर येऊन बसतो. पेढीचे बँकबुक तोच लिहितो. कॅश क्रेडिटची मर्यादा गेल्या पंधरवड्यातच संपली आहे, सूतवाल्यांचे दलाल दिवसाआड येऊन बसत आहेत आणि अहमदाबादच्या त्या पार्टीचे दोन चेक यापूर्वी न वटता परत आले आहेत. खिशातल्या २२,००० रुपयांच्या कागदामागे आज काहीही उभे नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

प्रत्येक नोकरदाराला मालकाचे बँकबुक पाहायला मिळत नाही. मालकाच्या बँकेत जाऊन शिल्लक विचारली, तर बँक ती सांगणार नाही. ग्राहकाची गुप्तता राखणे तिला बंधनकारक असते. परंतु लक्षणे बाहेरूनही दिसतात. वर्षानुवर्षे थेट खात्यावर जमा होणारा पगार अचानक चेकने मिळू लागतो. चेक नेहमीच्या बँकेचा नसतो, किंवा त्यावर पुढची तारीख असते. भविष्यनिर्वाह निधी लागू असेल, तर पासबुकात एक-दोन महिन्यांची रक्कम चढलेलीच नसते, मग पगारातून ती कापली गेलेली का असेना. यातले एखादे लक्षण योगायोगाने येऊ शकते. तीन एकत्र आली, तर सावध व्हावे.

घरी आईपुढे पाकीट ठेवताच ती म्हणते, "त्यांच्या वडिलांनी तुझ्या बाबांच्या आजारपणात सहा महिने बसून पगार दिला. चार दिवस थांब म्हणाले तर थांबायचं. बँकेत टाकून त्यांची शोभा करायची नाही."

आईचे म्हणणे खोटे नाही. पण दहा तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाणार आहे. तेवढी शिल्लक नसेल तर हप्ता परत जाईल, खाते असलेली बँक आकार लावील, कर्ज देणारी संस्था दंड लावील आणि पतनोंदीत हप्ता चुकल्याची खूण उमटेल. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार तोही चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. मालकाच्या खात्यातली तूट अशी एका रात्रीत नोकराच्या खात्यात उतरते. शेठजींनी मागितलेल्या चार दिवसांचे व्याज कोण भरणार, हा प्रश्न पेढीवर कोणी विचारलेला नसतो.

अशा वेळी माणसे सहसा दोन गोष्टींपैकी एक करतात. काही जण भिडेपोटी चेक कपाटात ठेवतात. "आणखी आठ दिवस" ऐकता ऐकता तीन महिने उलटतात आणि चेकची मुदत संपते. पगाराचे येणे तेव्हाही बुडत नाही, पण हातातला कागद निरुपयोगी होतो. दुसरे काही जण रागाच्या भरात त्याच दुपारी चेक भरतात, तो वटेल असे धरून किराण्याचे आणि शाळेचे पैसे देऊन मोकळे होतात, आणि मग त्यांचेच चेक परत येऊ लागतात. पहिल्यांत निदान माया असते. दुसऱ्यांत तीही नसते आणि पैसेही मिळत नाहीत.

तरुणाचे मामा एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत. संध्याकाळी तो त्यांच्याकडे जातो. मामांचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो.

"शेठजींना सरळ विचारलंस का?"

"नाही. कसं विचारणार, मामा?"

"उद्या सकाळी पेढी उघडताना, दुसरं कोणी नसताना विचार. तुमच्या खात्यात पैसे नाहीत, असं म्हणायचं नाही. ते त्यांनाही माहीत आहे. दहाला माझा हप्ता आहे, चेकऐवजी जेवढं जमेल तेवढं आजच थेट खात्यावर पाठवता का, एवढंच विचारायचं."

या सल्ल्यात बँकेतल्या आयुष्याचा अनुभव आहे. चेक हा वायदा असतो. खात्यावर पाठवलेली रक्कम हा व्यवहार असतो. एनईएफटी आता वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालते, त्यामुळे "बँक बंद आहे" ही सबब उरलेली नाही. पूर्ण पगार नसला तरी अर्धा निघतो. ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही, तोही या प्रश्नाला काहीतरी उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून पुढचा महिना कसा जाणार याचा अंदाज बांधता येतो.

अर्धी रक्कम घेताना मात्र एक गफलत हमखास होते, आणि मामा तिथे बोट ठेवतात. समजा, २२,००० च्या चेकपोटी शेठजींनी १०,००० खात्यावर पाठवले आणि जुना चेक नोकराकडेच राहिला. पुढे तो पूर्ण रकमेसाठी भरला आणि परत आला, तर चेक न वटल्याचा दावा टिकत नाही. कारण त्या दिवशी देणे १२,००० चे होते आणि चेक २२,००० चा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून अंशतः रक्कम मिळाली की जुना चेक परत करून उरलेल्या रकमेचा नवा घ्यावा, किंवा मिळालेल्या रकमेची नोंद त्याच चेकवर करून घ्यावी. नवा चेक घेणे अधिक सोपे.

चेक ठेवावाच लागला, तर त्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. तारीख, अक्षरी व आकडी रक्कम आणि सही नीट पाहावी. खाडाखोड असेल तर तिथल्या तिथे दुसरा चेक मागावा. "थांब" हे तोंडी सांगणे मोबाईलवरच्या एका साध्या संदेशात आणावे: "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक तारखेचा पगाराचा चेक वीस तारखेला भरतो." यात उद्धटपणा काही नाही, आणि देणे कशाचे होते हे लेखी राहते. चेक आडव्या रेघांचा नसेल आणि 'बेअरर' असेल, तर मालकाच्या शाखेत जाऊन खिडकीवर रोख मिळते. शिल्लक आहे की नाही ते तिथेच कळते. पगाराचे बहुतेक चेक मात्र रेघांचेच असतात आणि ते स्वतःच्या खात्यातच भरावे लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून चेकची वसुली दिवसभर चालू राहते, त्यामुळे पूर्वीसारखे दोन दिवस टांगून राहावे लागत नाही. तरीही वटल्याचा संदेश येईपर्यंत त्या पैशांवर एक रुपयाही खर्च करू नये.

आणि परत आलाच तर? बँक परतीचा मेमो देते. त्यावर कारण लिहिलेले असते. तो कागद चेकइतकाच जपायचा. मुदत शिल्लक असेपर्यंत चेक पुन्हा भरता येतो, आणि मालकाने खरोखर तारीख दिली असेल तर एकदा तसे करायला हरकत नाही. कारवाई करायची झाल्यास मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटिशीत चेकची नेमकी रक्कम मागावी आणि ती पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी. नोटीस मिळाल्यावर मालकाला पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. तेही उलटले, तर पुढील एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची, आणि तीही चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात. तक्रारीची ही मुदत चुकली, तर विलंबाची माफी न्यायालयाच्या मर्जीवर राहते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र देशभरात अशी लाखो प्रकरणे पडून आहेत आणि पगारासारख्या लहान रकमांत तडजोडच बहुधा शहाणपणाची ठरते. कायद्यानेही तडजोडीची वाट मोकळी ठेवली आहे. लोकअदालतीत अशी प्रकरणे मिटतात.

शिवाय चेकचा कायदा हा एकच रस्ता नाही. महिन्याने पगार असेल, तर तो पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे, असा नियम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तो कायम असून पगार किती, यावर तो आता अवलंबून नाही. थकलेल्या वेतनाची मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. ज्याला फौजदारी न्यायालयाची पायरी नको वाटते, त्याने कामगार कार्यालयात आधी चौकशी करावी.

हे सदर वाचणाऱ्या घरांत चेक घेणारे जितके आहेत, तितकेच चेकवर सही करणारेही आहेत. "पार्टीचे पैसे येणार होते" हे वाक्य गादीवर अगदी मनापासून बोलले जाते. पण चेक देताना तो परत येईल असे वाटले नव्हते, हा बचाव होऊ शकत नाही, असे कलम १४० स्पष्ट सांगते. भागीदारीच्या पेढीत तर घरच्या सुनेचे नाव कागदोपत्री असते. तिने पेढीची पायरीही चढलेली नसते, तरी नोटीस तिच्या नावाने येऊ शकते. कारभाराशी संबंध नसलेली व्यक्ती जबाबदार ठरत नाही, हे खरे. पण ते सिद्ध करायला तिलाच वकील गाठावा लागतो.

चेक न वटणे हा गुन्हा झाला तो १ एप्रिल १९८९ पासून. मूळ कायदा १८८१ चा, आणि त्याने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रिवाजांना हात लावला नव्हता. त्या रिवाजांत कैदेची भीती नव्हती, पण एकदा हुंडी नकारली गेली की त्या पेढीचा कागद बाजारात कोणी घेईनासे होई. आज सूतवाल्याचे देणे आधी आणि हिशेबनिसाचे नंतर, असा क्रम लागतो; कारण सूतवाला माल बंद करतो आणि हिशेबनीस दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर येतो. हा क्रम उलटा हवा. सूतवाल्याकडे दहा पेढ्यांचे येणे असते, हिशेबनिसाकडे एकाच पेढीचे. आणि "या महिन्यात निम्मेच देऊ शकतो" असे तोंडावर सांगणारा मालक, न वटणारा चेक देणाऱ्या मालकापेक्षा कितीतरी अधिक पत राखून असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण विचारतो. शेठजी बराच वेळ गल्ल्याच्या किल्ल्यांशी चाळा करतात. मग म्हणतात, "मामांकडे गेला होतास वाटतं?" पण फोन उचलतात, घरच्या खात्यातून १०,००० पाठवतात, जुना चेक परत घेऊन फाडतात आणि वीस तारखेचा १२,००० चा नवा लिहून देतात. हप्ता जातो. वीसचा चेक वटतो, कारण अहमदाबादचे नाही तरी मालेगावचे येणे आलेले असते.

पुढच्या महिन्याचे काय, हे कोणालाच सांगता येत नाही. तरुणाने एका सूतगिरणीत अर्ज केला आहे. आईला ते आवडलेले नाही. सोडायचेच असेल तर शेठजींना आधी स्वतः जाऊन सांग, बाहेरून कळू देऊ नकोस, एवढे तिचे म्हणणे. मामांनी त्यात एक जोड दिली आहे: राजीनामा लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, कारण नव्या संहितेप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो, आणि ते दोन दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, यावरून वाद व्हायला नको.