संस्थेच्या नावाने जाणारे पत्र

शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवली जात असे ती शोभेखातर नव्हे; पत्राचा मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवले तर ते अस्सल मानू नये, अशी ती ग्वाही होती. दुसऱ्याच्या हाताला आपल्या लखोट्यात काही घालता येऊ नये, हा जो विवेक त्या काळच्या दफ्तरखान्याने पाळला, तो आज ‘हे पान मित्राला ई-मेलने पाठवा’ अशी सोय देणाऱ्या कित्येक संकेतस्थळांच्या रचनेत आढळत नाही, ही चिंतेची बाब आहे.

या सोयीतील दोष समजण्यास तांत्रिक शिक्षणाची आवश्यकता नाही. ई-मेलच्या शीर्षभागात प्रेषक, प्राप्तकर्ता आणि विषय यांच्या स्वतंत्र ओळी असतात, आणि एक ओळ कोठे संपली हे यंत्राला केवळ ओळ बदलल्याच्या खुणेवरून कळते. एखाद्या ठगाने विषयाच्या रकान्यात ती खूण आणि तिच्या पाठोपाठ शेकडो गुप्त प्रतींचे पत्ते भरले, आणि संकेतस्थळाने तो मजकूर न तपासता जसाच्या तसा पुढे जोडला, तर एका मित्रासाठी केलेल्या सोयीतून शेकडो अनोळखी माणसांना पत्रे रवाना होतात. 1995 च्या सुमारास ‘फॉर्ममेल’ नावाचा असा एक छोटा प्रोग्रॅम जगभरच्या संकेतस्थळांवर बसवला गेला, आणि पुढे तोच अनाहूत जाहिराती पाठवणाऱ्यांचे आवडते साधन बनला.

याहून घातक प्रकार असा की, पत्राचा मजकूरच वाटेल तसा लिहू दिला जातो. 13 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या खऱ्याखुऱ्या पत्त्यावरून, खोट्या सायबर हल्ल्याचा इशारा देणारी पत्रे किमान एक लाख पत्त्यांवर गेली. यंत्रणेच्या एका संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्याला जे पत्र आपोआप जाई, त्याचा विषय आणि मजकूर नोंदणी करणाऱ्याच्याच संगणकावरून येत होता, आणि तो बदलणे कोणालाही शक्य होते. एवढ्या बलाढ्य यंत्रणेची ही गत, तर तालुक्याच्या गावातील संस्थेने निर्धास्त राहावे असे काहीच कारण नाही.

नागरिकाला आपण सदैव बजावतो की, पत्र उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहा. सल्ला योग्यच आहे. परंतु येथे पत्ता अस्सल असतो, पत्र संस्थेच्याच सर्व्हरवरून निघालेले असते, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पत्त्याची सत्यता पडताळणाऱ्या व्यवस्थाही त्याला बिनतक्रार पुढे सोडतात. म्हणून अशा पत्राने फसलेल्या माणसावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. जबाबदारी ज्या संस्थेने आपली मोहोर उघड्यावर टाकली तिचीच.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा विचार विशेष लागू पडतो. शिर्डी आणि शनी शिंगणापूर येथे श्रद्धा ठेवणारी असंख्य माणसे दूरदेशी राहतात, आणि देवस्थानाशी त्यांचा व्यवहार पुष्कळदा पडद्यावरूनच होतो. शिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅपद्वारे ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण जुलै 2025 मध्ये विधानसभेत गाजले. ते प्रकरण ई-मेलचे नव्हते, हे खरे. पण श्रद्धेय नावाच्या आडून भाविकाच्या खिशात हात घालणे किती सुलभ झाले आहे, याचा तो पुरावा आहे. प्रवरानगरपासून सहकाराची परंपरा सांगणाऱ्या या जिल्ह्यातील पतसंस्था आणि साखर कारखाने यांची खरी पुंजीही सभासदांचा विश्वास हीच आहे.

कायदा मुका नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ड संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी तजवीज न करणाऱ्या संस्थेस 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु शिक्षेपूर्वी प्रतिबंध हवा, आणि तो खर्चिक नाही. रकान्यातील ओळबदलाच्या खुणा नाकाराव्यात. प्रेषकाचा पत्ता आणि मजकूर संस्थेने स्वतः ठरवलेला असावा. एका व्यक्तीला ठरावीक मुदतीत मोजकीच पत्रे पाठवता यावीत. आणि प्रत्येक जावक पत्राची नोंद बारनिशीप्रमाणे जपून ठेवावी. हे जमणार नसेल तर ती सोयच काढून टाकावी व वाचकाला स्वतःच्या ई-मेलवरून दुवा पाठवू द्यावा. त्यात कोणाचेही नुकसान नाही.

संकेतस्थळाचा ठेका देताना या अटी करारनाम्यात घालणे, आणि त्यांची तपासणी झाल्याशिवाय देयक अदा न करणे, हे विश्वस्त आणि संचालक यांचे कर्तव्य होय. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हाव्या लागतात. यंदाच्या सभेत ताळेबंदाबरोबर, आपल्या संस्थेच्या नावाने पत्र कोण कोण पाठवू शकतो, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.