सर्टिफिकेट भाड्याने, पोरगा काउंटरवर



मागच्या हिवाळ्यात डोंबिवलीला गेलो होतो. मानपाडा रस्त्याला औषधाच्या एका दुकानात आपल्याकडचाच पोरगा काउंटरवर दिसला. बापाने एक एकर विकून त्याला डी. फार्मसी केले. दुकानात चौकटीत सर्टिफिकेट लावलेले होते, पण ते दुसऱ्याच कोणाचे. विचारले, ''तुझे कुठे आहे?'' म्हणाला, ''काका, माझे तिकडे गावाकडच्या एका दुकानात टांगले आहे. महिन्याला भाडे येते.''

म्हणजे कागद गावाकडे आणि माणूस मानपाड्याला! गावच्या दुकानदाराला माणूस परवडत नाही, त्याला कागद पुरतो. तेवढ्यात एक म्हातारी आली. बीपीची गोळी आणि गुडघेदुखीची गोळी एकत्र चालेल का, असे विचारू लागली. पोरगा मालकाच्या तोंडाकडे पाहू लागला. मालक बारावी नापास.

नंतर पोरगा खरे बोलला. कॉलेजात तो परीक्षेपुरता गेला. दुकानातले प्रशिक्षण म्हणजे नुसता सहीशिक्का.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ म्हणते, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचे. त्यासाठी बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा अभ्यास, ७५ टक्के हजेरी आणि वर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. चिठ्ठी वाचणे, मात्रा तपासणे, कोणते औषध कशाबरोबर चालत नाही हे ओळखणे, हे त्या ५०० तासांत शिकायचे असते. तेच विकले गेले, तर शिल्लक काय राहिले?

कपाशीवाल्याला हे वेगळे सांगायला नको. पाकिटावर एक वाण आणि आत दुसरेच बी, ही फसवणूक आपण भोगली आहे. बोगस बियाण्याने एक हंगाम बुडतो. बोगस सर्टिफिकेटने पोराचा जन्म बुडतो, आणि काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस जिवाला मुकू शकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बाटली विकणारे पुष्कळ असतात. ती कशी वापरायची हे सांगणारा माणूस नसला की काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, मग कॉलेजेच बंद करा. नवी कॉलेजे थांबवण्याचा फतवा फार्मसी कौन्सिलने २०१९ साली काढलाच होता. सुप्रीम कोर्टाने २०२२ साली तो रद्द ठरवला, आणि ते बरेच झाले. बंदी आणि परमिट यांनी कोणाचे भले झाले, हे आपण पाहिले आहे. कॉलेजे शंभर निघोत, आपली तक्रार नाही. आपली तक्रार एकच: पैसे शिक्षणाचे घेता, मग शिकवा! हजेरी विकणारा संस्थाचालक आणि वजनात मारणारा अडत्या यांच्यात फरक काय?

पण भावांनो, थोडे आपलेही चुकते. ''पोरगा पास झाला म्हणजे झाले,'' असे म्हणत फी भरणारे आपणच. २०२२ साली नोंदणीआधी वेगळी परीक्षा देण्याचा नियम झाला: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. तिथे सहीशिक्का कामाला येणार नाही.

म्हणून एकराचा सौदा करण्याआधी कॉलेजच्या दारात चार प्रश्न विचारा. फार्मसी कौन्सिलची मान्यता याच वर्षाची आहे का? प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना? शिकवणारे रोज येतात का? ५०० तास कोणत्या दवाखान्यात, कोणत्या दुकानात होणार? उत्तर मिळाले नाही तर मागे फिरा. जमीन कुठे पळून जात नाही.

आणि पोरापोरींना एवढे बजावून सांगा, की सर्टिफिकेट भाड्याने द्यायचे नाही. तालुक्याच्या गावी स्वतःचे दुकान टाका, स्वतः काउंटरवर उभे राहा. तुमची आई तिथेच औषध घ्यायला येणार आहे.