कावळा, फांदी आणि जंताचे औषध

‘काल सकाळी पिल्लाला जंताचे औषध पाजले आणि संध्याकाळपासून त्याच्या जणू अंगातच आले आहे. दिवाणखान्यात गोल गोल धावते, कोचावर उड्या मारते, पदर ओढते, हाताला चावते. औषध बाधले तर नसेल?’ हा प्रश्न पशुवैद्यकाला वारंवार ऐकावा लागतो आणि तो विचारणारे बहुधा घरातील ज्येष्ठ असतात. पिल्लू येते नातवंडांच्या हट्टाने. परंतु शाळा-कचेऱ्यांच्या वेळेत त्याला सांभाळतात ते आजी-आजोबाच. शंका अगदी रास्त आहे. औषध दिले आणि वागणे बदलले, एवढे तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

तरीही बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. पिल्लांच्या बाबतीत ही गाठ पडते ती वयामुळे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे ते आपल्या घरी येते ते साधारणतः तिसऱ्या महिन्यात. आई आणि भावंडे सुटलेली, घर नवे, आहार नवा, लसीकरण सुरू झालेले आणि तोंडात सुईसारखे टोकदार 28 दुधाचे दात. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्याला आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी द्यावे, असा प्रघात आहे. म्हणजे या वयात पिल्लाने कोणत्याही दिवशी दंगा केला, तरी तो कोणत्या ना कोणत्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत पडणार.

इतक्या लहान जिवाला जंत येतात तरी कोठून, असे पुष्कळांना वाटते. ते आईकडूनच येतात. टॉक्सोकारा नावाच्या गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत सुप्तावस्थेत पडून असतात. गर्भारपणात त्या जाग्या होऊन नाळेवाटे पिल्लात शिरतात. अंकुशकृमी, ज्यांना हुकवर्म म्हणतात, ते दुधावाटे जातात. आईची निगा कितीही चांगली राखली असली, तरी हे चुकत नाही. ‘आमचे पिल्लू घराबाहेर पडतच नाही’ हे औषध टाळण्याचे कारण त्यामुळेच टिकत नाही.

कधी कधी मात्र औषधाचा आणि वागण्याचा खरोखरच संबंध असतो. पण तो उलट्या दिशेने. जंतांनी पोखरलेले पिल्लू मलूल असते. पोट नगाऱ्यासारखे, अंगावरची कातडी निस्तेज आणि हुकवर्मने रक्त शोषल्यामुळे हिरड्या फिकट. असे पिल्लू कोपऱ्यात पडून राहते आणि घरचे म्हणतात, ‘किती शहाणे आहे हो!’ जंत पडून गेले, आठ-दहा दिवसांत अंगात बळ आले, की त्या शहाण्या बाळाचे मूळ रूप प्रकट होते. ती औषधाची बाधा नव्हे, प्रकृती सुधारल्याची खूण आहे.

आता त्या धावण्याविषयी. सायंकाळच्या सुमारास कान मागे पाडून, पाठ वाकवून, डोळे चमकवत पिल्लू सुसाट पळत सुटते. पाच-दहा मिनिटांत दमून धपकन बसते, पाणी पिते आणि झोपी जाते. श्वानपालक याला ‘झूमीज’ म्हणतात. हे निरोगी पिल्लाचे नैसर्गिक वागणे आहे. ज्याला वैद्यकीय अर्थाने अतिचंचलतेचा विकार म्हणावे, तो कुत्र्यांत फारच क्वचित आढळतो आणि दोन-तीन महिन्यांच्या पिल्लावर तशी चिठ्ठी लावण्याची घाई कोणीही करू नये.

या दंग्यामागे पुष्कळदा अपुरी झोप असते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे 18 ते 20 तास झोप लागते. आपल्या घरात ती मिळते कोठे? सकाळी दूधवाला, मग मोलकरीण, दुपारी शाळेतून आलेली मुले, पिल्लू पाहायला आलेले शेजारी, रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणी. जागून चिरडीला आलेले तान्हे मूल रडते. जागून चिरडीला आलेले पिल्लू चावते. अशा वेळी ‘त्याची रग जिरवू या’ म्हणून त्याला आणखी पळवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. घरातील शांत कोपरा, खाली जुनी सतरंजी, भोवती छोटेसे कुंपण आणि दर तासाभराच्या जागरणानंतर तेथे सक्तीची विश्रांती एवढे केले, तर बहुतेक घरांत आठवडाभरात फरक दिसतो. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के 42 दात येऊ लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. त्या काळात थंड पाण्यात भिजवून पिळलेला फडका चावायला दिला, तर हातांची सुटका होते.

ज्येष्ठांनी या धावपळीत स्वतःकडेही पाहिले पाहिजे. पिल्लू पायात घुटमळून तोल जाणे, ही मला त्याच्या चावण्यापेक्षा अधिक काळजीची गोष्ट वाटते. मांडीचे हाड मोडले, तर पिल्लाची सारी हौस अंथरुणातून पाहावी लागते. त्याच्या दंग्याच्या वेळी उभे राहून येरझारा घालण्यापेक्षा खुर्चीत बसावे, पाय उचलून घ्यावेत, काठी हाताशी ठेवावी; मात्र ती उगारू नये, कारण पिल्लाला तोही खेळच वाटतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांच्या पातळ त्वचेवर दाताचा लहानसा ओरखडाही बराच वेळ वाहतो. आणि पिल्लू घरचे असले, खेळता खेळता चावले असले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजची लस पिल्लाला साधारणतः तीन महिन्यांनंतर मिळते. त्याआधीचा चावा ‘एवढासा तर आहे’ म्हणून सोडू नये. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावण्याची जुनी खोड तर पूर्णपणे सोडावी.

औषधे खरोखर बाधतात का? बाधतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी असते. पिल्लांना नेहमी दिले जाणारे पायरँटेल आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. ते जंतांना लुळे करते आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडतात. चपट्या जंतांसाठीचे प्रॅझिक्वांटेल चवीला कडू असल्याने तोंडाला लाळ सुटते, फेसही येतो. एखादी उलटी, दिवस-दोन दिवस पातळ शौच, भूक मंदावणे, विष्ठेत शेवयांसारखे जंत दिसणे, कधी तेच जंत वळवळताना दिसणे, हे सारे अपेक्षितच आहे. ते पाहून किळस येते खरी. पण औषधाने काम केल्याचाच तो पुरावा. तोंडावर सूज, अंगावर गांधी, श्वासाला धाप लागणे ही अॅलर्जीची लक्षणे मात्र दुर्मीळ असली, तरी तातडीची असतात.

खरा धोका असतो चुकीच्या औषधाचा आणि चुकीच्या मात्रेचा. गुराढोरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे एक टक्क्याचे द्रावण ‘थेंबभर पाजा’ असा सल्ला सहज दिला जातो. हिशेब करून पाहा. त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका थेंबात 500 मायक्रोग्रॅम. दोन किलोच्या पिल्लाला ही मात्रा किलोमागे 250 मायक्रोग्रॅम पडते. हृदयातील जंत टाळण्यासाठी कुत्र्यांना महिन्यातून एकदा दिली जाणारी मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका थेंबात तिच्या चाळीस पट. काही पिल्लांना ती सोसेलही. परंतु कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत साचते. 2001 मध्ये हा दोष उलगडला, तेव्हा कोलीच दगावतात का, या जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. आपले पिल्लू संकरित असेल, तर त्याच्या रक्तात कोण दडले आहे, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

दुसरी चूक आपल्या घरगुती काटकसरीतून होते. शाळांत 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. तिचाच उरलेला तुकडा पिल्लाला देण्याचा मोह होतो. कुत्र्यांत या औषधाने अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेवरच, दुष्परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत. माणसाची गोळी माणसालाच द्यावी. औषधाच्या दिवशी पिल्लाला ताजे तोलावे. मागच्या पंधरवड्याचे वजन या पंधरवड्यात चालत नाही. आधी एकट्याने व मग पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहून वजाबाकी केली, की झाले. मात्र उभे राहताना तोल सांभाळणारे कोणी शेजारी असावे. औषध सकाळी द्यावे, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. त्याच दिवशी नवा आहार सुरू करू नये, नाहीतर पोट कशाने बिघडले, ते कळत नाही.

मग दंगा कोणता आणि बाधा कोणती, हे ओळखावे कसे? दंगा करणारे पिल्लू हाक मारली तर कान टवकारते, भिंतीपाशी येऊन नेमके वळते, खाऊची वाटी वाजली की थांबते. बाधलेले पिल्लू थांबू शकत नाही. ते झिंगल्यासारखे चालते, मागचे पाय लटपटतात, अंग थरथरते, बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसतात, भिंतीला धडकते, हाकेला ओळख देत नाही, कधी झटके येतात किंवा ते गुंगीत जाते. यातील एक जरी लक्षण दिसले, तरी उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि एक शक्यता औषधाच्या बाटलीकडे पाहताना हमखास विसरली जाते. पिल्लू एकाएकी, झोपेतून उठल्या उठल्या, अनोळखी वाटावे इतके बेचैन झाले असेल, छातीवर हात ठेवताच हृदय धडधडताना जाणवत असेल, तर आधी आपला गोळ्यांचा डबा पाहावा. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप पिल्लाने चावून फोडला, तर मोठी मात्रा एका क्षणात तोंडात जाते. सर्दीच्या काही गोळ्या, कॉफीची पूड, नातवाने लपवलेले चॉकलेट यांनीही अशीच अस्वस्थता येते. ज्येष्ठांच्या गोळ्या टेबलाच्या कडेला, उशीपाशी, पाण्याच्या पेल्याजवळ असतात आणि पिल्लाचे नाकही नेमके त्याच उंचीवर पोहोचते. डबा कपाटात, कडीमागे ठेवावा. घरात पिल्लाच्या तोंडात काय गेले असेल, याचा अंदाज आला नाही, तरी रिकामे पाकीट किंवा फुटलेला पंप सोबत घेऊन जावा. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न घरी करू नये.

जंतांचा संबंध घरातील माणसांशीही येतो, म्हणून विष्ठेविषयी दोन शब्द. टॉक्सोकाराची अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात. मातीत काही आठवडे राहिल्यावर ती तशी होतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर ती वेळच येत नाही. हुकवर्मच्या अळ्या मात्र ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. अंगणात तुळशीला पाणी घालताना चपला पायांत असाव्यात आणि कुंडीत हात घातल्यावर ते साबणाने धुवावेत.

दवाखान्यात दूरध्वनी करण्याची वेळ आलीच, तर औषधाची बाटली किंवा वेष्टन हातात धरून बोलावे. औषधाचे नाव, किती दिले, केव्हा दिले, पिल्लाचे वजन, जात किंवा संकर आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ, एवढे सांगता आले, की पलीकडच्या पशुवैद्यकाचे निम्मे काम होते. हातात भ्रमणध्वनी असेल, तर धावणाऱ्या किंवा लटपटणाऱ्या पिल्लाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. दवाखान्याच्या टेबलावर चढताच ते सारे विसरून शेपटी हलवू लागते.